प्रिंटर नसलेल्या सर्व्हरवरही चालू असणारा स्पूलर

१३ जुलै २०२१ रोजी अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेनं तिथल्या केंद्र सरकारच्या नागरी खात्यांसाठी तातडीचा आदेश काढला. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत प्रत्येक डोमेन कंट्रोलरवरची प्रिंट स्पूलर सेवा, म्हणजे छपाईची कामं साठवून रांगेनं प्रिंटरला देणारा प्रोग्रॅम, बंद करा, आणि ती परत आपोआप सुरू होणार नाही अशी तजवीज करा. डोमेन कंट्रोलर म्हणजे अख्ख्या कार्यालयाची खाती, पासवर्ड आणि परवानग्या सांभाळणारा सर्व्हर. त्याला सहसा प्रिंटर जोडलेला नसतो, त्याच्यासमोर बसून कुणी पत्रं छापत नाही. तरी छपाईची सेवा तिथं चालू होती. नुसती चालू नव्हती, तर त्या यंत्रावरच्या सर्वोच्च अधिकारानं चालू होती, कारण विंडोज बसवलं की ती आपसूक सुरू होते आणि तिच्याकडं कुणी बघत नाही.

ही सेवा तिथं कशी येऊन बसली आणि एवढा अधिकार तिला कुणी दिला, हे समजायला साठ वर्षं मागं जावं लागतं.

आयबीएमचा ७०९० हा संगणक १९५९ च्या अखेरीस ग्राहकांकडं पोचायला लागला. विकत घ्यायचा तर सुमारे २९ लाख डॉलर, भाड्यानं घ्यायचा तर महिन्याला ६३,५०० डॉलर. त्याच काळातला आयबीएमचाच १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळी छापायचा आणि तो वेग पाहून लोक थक्क व्हायचे. पण हिशेब मांडून बघा. मिनिटाला ६०० ओळी म्हणजे एका ओळीला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या वेळात ७०९० च्या मेमरीची सुमारे ४५ हजार आवर्तनं होऊन जायची. प्रिंटर थेट या यंत्राला जोडला, तर प्रत्येक ओळ उमटेपर्यंत लाखो डॉलरचं यंत्र ताटकळत उभं आणि भाडं मात्र चढतंच. त्या काळातल्या संगणक केंद्रांच्या प्रमुखांना आकडेमोडीपेक्षा ही चिंता जास्त असणार.

तोडगा सोपा निघाला. मोठ्या यंत्रानं निकाल चुंबकीय टेपवर लिहायचा आणि मोकळं व्हायचं. मग ऑपरेटरनं ती टेप उचलून शेजारच्या १४०१ या स्वस्त, छोट्या संगणकावर चढवायची आणि छपाई तिथून करायची. पंच कार्डं वाचायचं कामही असंच, उलट्या दिशेनं. टेपा इकडून तिकडं नेणारा माणूस हाच त्या काळातला स्पूलर होता. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी कंपनीचा ३६०० हा मोठा संगणक आला, तोही १६०-ए या छोट्या यंत्राला सोबत घेऊनच. सीडीसीच्या मोठ्या यंत्रांच्या जोडीला अशी लहान यंत्रं वाचन-छपाईच्या हमालीसाठी द्यायची तेव्हा पद्धतच होती.

मधला माणूस काढून टाकायचं काम मँचेस्टरमध्ये झालं. डिसेंबर १९६२ मध्ये तिथल्या विद्यापीठात ॲटलस हा संगणक सुरू झाला. टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी ‘सुपरवायझर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता, आज ज्याला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो तशा धाटणीचा. त्यात आत येणाऱ्या कामांसाठी एक आणि बाहेर जाणाऱ्या निकालांसाठी एक, अशा दोन ‘विहिरी’ टेपवर ठेवल्या होत्या. वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम निकाल विहिरीत टाकायचा आणि पुढं जायचा. प्रिंटर मोकळा झाला की तो इंटरप्ट, म्हणजे ‘इकडं लक्ष द्या’ असा इशारा, द्यायचा, मग सुपरवायझर हातातलं काम क्षणभर थांबवून विहिरीतून पुढची ओळ उपसून प्रिंटरला द्यायचा. छापणाऱ्या प्रोग्रॅमला प्रिंटर दिसतच नाही, त्याला दिसते ती फक्त विहीर. आजच्या कुठल्याही स्पूलरचा गाभा एवढाच आहे.

पुढचा टप्पा ह्यूस्टनचा. अपोलो मोहिमांच्या काळात नासाच्या तिथल्या केंद्रावर आयबीएमची ३६० मालिकेतली यंत्रं होती आणि त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली कार्ड-वाचन आणि छपाईची सोय कूर्मगतीनं चालायची. टॉम सिम्पसन आणि बॉब क्रॅबट्री यांनी वैतागून स्वतःची व्यवस्था लिहिली. तिचं नाव हॅस्प, आणि त्यातला ‘ह’ ह्यूस्टनचाच. कामं डिस्कवर साठवायची, प्राधान्यक्रमानं लावायची आणि दूरच्या ठिकाणाहून टेलिफोनच्या तारेवरूनही स्वीकारायची. ही व्यवस्था पुढं आयबीएमनं जेईएस-२ या नावानं आपल्या मुख्य प्रणालीत घेतली आणि ती आजच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांवरही आहे. नेटवर्कवरून येणारं काम स्वीकारणारा स्पूलर इथं पहिल्यांदा ठळकपणे दिसतो.

ऐंशीच्या दशकात गणित उलटं झालं. संगणक टेबलावर आला आणि स्वस्त झाला, चांगला प्रिंटर मात्र महागच राहिला. १९८५ साली आलेल्या ॲपलच्या लेझररायटरची किंमत ६,९९५ डॉलर होती, म्हणजे ज्या मॅकिंटॉशवरून त्याला काम पाठवायचं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. पानाचं वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट भाषा समजून घेण्यासाठी त्यात बसवलेला प्रोसेसरही मॅकमधल्यापेक्षा वेगवान होता. मग साहजिकच एक प्रिंटर दहा-वीस जणांत. आता स्पूलरचं काम महागड्या संगणकाचा वेळ वाचवणं हे उरलं नाही. एका प्रिंटरवर तुटून पडणाऱ्या अनेकांना रांगेत उभं करणं, हे झालं.

या कामाचा सगळ्यात प्रभावी नमुना बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधला एलपीडी हा स्पूलर. १९८३ च्या ४.२ बीएसडी या तिच्या आवृत्तीबरोबर तो नेटवर्कवर चालू लागला. त्याचे नियम रीतसर कागदावर उतरले ते मात्र ऑगस्ट १९९० मध्ये, आरएफसी ११७९ या दस्तऐवजात. हा दस्तऐवज मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला लावतो, कारण तो छोटा आहे आणि त्यात त्या काळाचा स्वभाव जसाच्या तसा दिसतो. सर्व्हर ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या ठरलेल्या दारावर, ऐकत बसतो. समोरचं यंत्र एक बाइट पाठवतं. एक म्हणजे साचलेली कामं छापायला घे, दोन म्हणजे नवं काम घे, तीन किंवा चार म्हणजे रांग दाखव, पाच म्हणजे रांगेतलं काम काढून टाक. नव्या कामाच्या दोन फायली असतात. एकीत छापायचा मजकूर. दुसरीत एकेका अक्षरानं सुरू होणाऱ्या ओळी: ‘एच’ पुढं यंत्राचं नाव, ‘पी’ पुढं माणसाचं नाव, ‘जे’ पुढं कामाचं नाव.

बस्स. ‘पी’ पुढं जे नाव असेल तोच माणूस. पासवर्ड नाही, ओळखपत्र नाही. एक अट मात्र आहे: काम पाठवणाऱ्या यंत्रानं ७२१ ते ७३१ यांपैकीच एखाद्या पोर्टवरून बोललं पाहिजे. कारण युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याला, वापरता येतात. सुरक्षेची सगळी भिस्त एवढ्यावर, की समोरच्या यंत्राचा कारभारीही आपल्यासारखाच सज्जन असेल. विद्यापीठाच्या एका मजल्यावर, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात, तिथं हे खपून गेलं. पर्सनल काँप्युटरवर प्रत्येकजण स्वतःच कारभारी असतो, तिथं या अटीला काही अर्थ राहिला नाही.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण तीही प्रिंटरच्या रांगेचीच आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय करून ठेवली होती: कागद अडकला की रांगेत काम असलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर तसा निरोप जायचा आणि कुणीतरी उठून कागद काढायचं. १९८० च्या आसपास झेरॉक्सनं नवा लेझर प्रिंटर दिला, पण त्याच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे बदल करता येईल असा मूळ मजकूर, दिला नाही. निरोपाची सोय त्यात करता येईना. हा कोड मिळवायला गेल्यावर मिळालेला नकार स्टॉलमन यांच्या मनात राहिला आणि १९८३ साली त्यांनी कुणालाही वाचता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागं अडकलेला कागद आहे, असं म्हणणं थोडं नाटकी होईल, पण खोटं होणार नाही.

आपल्याकडं नव्वदच्या दशकात कार्यालयांत संगणक आले ते डॉसचे, आणि प्रिंटर डॉट मॅट्रिक्स. १९८३ च्या डॉस २.० मध्येच प्रिंट नावाची आज्ञा होती. ती मेमरीत ठाण मांडून बसायची आणि मधल्या रिकाम्या क्षणांत फाइल छापत राहायची. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसमध्ये पडद्यामागं काम करणाऱ्या पहिल्या काही गोष्टींपैकी ती एक. मराठीत छापायचं म्हटलं की मात्र पंचाईत व्हायची. इंग्रजी बिलाची ओळ म्हणजे पाऊणशे-ऐंशी बाइट, कारण रोमन अक्षरांचे आकार प्रिंटरच्या पोटातच असत. बहुतेक प्रिंटरांच्या पोटात देवनागरी नसायचीच. मग तीच ओळ चित्र म्हणून, टिंब टिंब करत पाठवावी लागायची. फाइल कित्येक पटींनी फुगायची, छापणारं डोकं एकेका ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरायचं आणि रांग तुंबायची. मराठी कामकाज असलेल्या कार्यालयाला चांगल्या स्पूलरची गरज जरा जास्तच होती.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आलं आणि स्पूलर ही ऑपरेटिंग सिस्टिमची कायमस्वरूपी सेवा झाली. प्रिंट अडकल्यावर आपण जे करतो त्यातून तिची रचना नीट दिसते. रांगेतल्या कामापुढं ‘डिलीटिंग’ लिहून येतं आणि तासभर तसंच राहतं. मग कुणीतरी जाणता येतो, सर्व्हिस थांबवतो, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात शिरतो आणि आतलं ‘प्रिंटर्स’ हे फोल्डर उघडतो. तिथं फायलींच्या जोड्या असतात: एसपीएल आणि एसएचडी. एसपीएलमध्ये छापायचा ऐवज, एसएचडीमध्ये तो कुणाचा, कुठल्या प्रिंटरसाठी, किती प्रती याची नोंद. एलपीडीच्या दोन फायली आठवा, तीच मांडणी. जाणता दोन्ही उडवतो, सर्व्हिस सुरू करतो आणि चहाला जातो. सर्व्हिस थांबवल्याशिवाय त्या फायली सहसा पुसता येत नाहीत, कारण स्पूलरनं त्या धरून ठेवलेल्या असतात.

खरी गोम होती ड्रायव्हरमध्ये. प्रत्येक कंपनीच्या प्रिंटरची बोली वेगळी, म्हणून प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे ती बोली बोलणारा दुभाषी प्रोग्रॅम, वेगळा, आणि हा परका कोड स्पूलर स्वतःच्या पोटात घेऊन चालवत असे. स्पूलर स्वतः ‘सिस्टिम’ या सर्वोच्च खात्यावर चालणारा, म्हणजे ड्रायव्हरलाही तोच मान. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तर प्रिंटरचे ड्रायव्हर वेगासाठी थेट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नेले होते. खराब ड्रायव्हरमुळं अख्खा सर्व्हर निळा पडदा दाखवून कोसळायचा. विंडोज २००० मध्ये ते परत बाहेर आणले गेले. त्यात भर म्हणजे शेअर केलेल्या प्रिंटरला जोडलं की त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवरून आपोआप उतरवून घ्यायची सोय. हेल्पडेस्कवाल्यांना ती देवासारखी वाटली, आणि वाटणारच. पन्नास टेबलांवर जाऊन डिस्क घालायची कटकट वाचली होती.

ही सगळी सोय २०१० मध्ये पहिल्यांदा गाजावाजा होऊन उलटली. इराणच्या अणुकेंद्रातल्या यंत्रांवर सोडलेल्या स्टक्सनेट या संगणकी विषाणूनं पसरण्यासाठी जे मार्ग वापरले त्यात स्पूलरही होता. ते शेअर केलेल्या प्रिंटरला एक काम पाठवायचं आणि सांगायचं की हे कागदावर नको, सिस्टिमच्या फोल्डरात फाइल म्हणून छाप. स्पूलर परवानगी नीट न तपासता छापायचा. ती फाइल म्हणजे खुद्द विषाणू.

२०२१ चा प्रिंटनाइटमेअर नावाचा स्पूलरमधला दोष त्याहून सरळ. डोमेनमधल्या कुठल्याही साध्या खात्यानं नेटवर्कवरून स्पूलरला म्हणायचं, ‘हा नवा ड्रायव्हर बसव’, आणि ड्रायव्हर म्हणून आपलाच प्रोग्रॅम पुढं करायचा. स्पूलर तो सर्वोच्च अधिकारानं चालवणार. जूनच्या अखेरीस काही संशोधकांनी, हा दोष आधीच्या दुरुस्तीत मिटला आहे अशा समजुतीनं, त्याचा कोड प्रसिद्ध केला. चूक लक्षात येऊन तो मागं घेईपर्यंत प्रती पसरल्या होत्या. ६ जुलैला मायक्रोसॉफ्टनं महिन्याचं वेळापत्रक मोडून दुरुस्ती काढली, आणि आठवड्यानं सुरुवातीला सांगितलेला तो आदेश निघाला. डोमेन कंट्रोलरवर स्पूलरचं एक बारीकसं काम होतं खरं: डिरेक्टरीत, म्हणजे कार्यालयाच्या सामायिक नोंदवहीत, जाहीर केलेले पण आता अस्तित्वात नसलेले प्रिंटर छाटून टाकणं. तेवढ्यासाठी राजवाड्याची किल्ली त्याच्याकडं होती. ऑगस्टच्या दुरुस्तीनं ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सक्तीचा केला आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांत प्रिंट काढायला गेलेल्या लोकांसमोर पासवर्डच्या चौकटी उगवायला लागल्या.

युनिक्सच्या बाजूनं वाट वेगळी निघाली. मायकल स्वीट यांचं कप्स हे छपाईचं सॉफ्टवेअर १९९९ मध्ये आलं, एलपीडीऐवजी आयपीपी या नव्या नियमावलीवर आणि ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर. ॲपलनं २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं आणि २००७ मध्ये त्याचा सोर्स कोडच विकत घेतला. आयपीपीत प्रिंटर स्वतःच आपली क्षमता सांगतो, त्यामुळं कंपनीगणिक ड्रायव्हर लागत नाही. पण भाबडेपणा तिथंही उरला होताच. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली यांनी दाखवून दिलं की नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा कप्सचा सोबती कुणीही पाठवलेल्या ‘मी प्रिंटर आहे’ या निरोपावर विश्वास ठेवतो, आणि त्या खोट्या प्रिंटरवर कुणी काम पाठवलं की हल्लेखोराची आज्ञा चालू शकते.

मायक्रोसॉफ्टनंही २०२३ मध्ये आयपीपीकडं वळत असल्याचं जाहीर केलं. विंडोजच्या सुरक्षा विभागाकडं येणाऱ्या तक्रारींपैकी ९ टक्के छपाईशी संबंधित असतात, असं त्यांनीच सांगितलं. इतर कंपन्यांचे ड्रायव्हर हळूहळू बाद करायचे, आणि विंडोज ११ मधल्या नव्या सुरक्षित छपाई पद्धतीत स्पूलरची नेहमीची कामं सर्वोच्च खात्यावर न चालवता वापरणाऱ्याच्याच अधिकारात चालवायची, असा बेत आहे. ही पद्धत चालू केली की कंपनीच्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेले जुने प्रिंटर गप्प होतात. बँकेतला पासबुक छापणारा, गोदामातला लेबलवाला आणि कार्बन कागदावर तीन प्रती काढणारा डॉट मॅट्रिक्स हे बहुधा त्याच जातीचे. त्यामुळं अशा ठिकाणी ती पद्धत तूर्त बंदच ठेवावी लागते. डोमेन कंट्रोलरवर स्पूलर बंद करायला मात्र यातलं काहीच आड येत नाही.