मागच्या हबमध्ये ग्रीस की ऑइल? दोन्ही, पण आपापल्या जागी

डिसेंबरातली गोष्ट, सकाळी सहाला सायकल काढली, पॅडलवर जोर दिला तर पॅडल रिकामंच फिरलं आणि चाक जागच्या जागी. चेन नीट, गिअर नीट. फ्रीव्हील, म्हणजे पॅडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा मागच्या चाकावरचा भाग, खोललं तेव्हा कळलं, महिन्यापूर्वी मीच त्यात भरलेलं पिवळं ग्रीस थंडीने अजून घट्ट झालं होतं आणि आतले दोन्ही कुत्रे त्यात रुतून बसले होते.

कुत्रे म्हणजे फ्रीव्हीलमधल्या छोट्या खिट्ट्या. त्यांच्याखाली केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती कुत्र्याला उचलते, तो रिंगच्या दातात अडकतो आणि मगच आपला जोर चाकाला मिळतो. पॅडल थांबवलं की तेच कुत्रे दातांवरून घसरत जातात, ती टिकटिक त्यांचीच. एवढीशी स्प्रिंग घट्ट ग्रीसमधून कुत्र्याला वर कसा उचलणार? म्हणून इथे पातळ ऑइलच पाहिजे, शिलाई मशीनचं चालतं, किंवा त्यापेक्षा थोडं दाट. खोबरेल मात्र नको, ते साधारण २४ अंशाखाली गोठतं हे हिवाळ्यात बाटली बघून सगळ्यांना माहितीच आहे.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या नळकांड्याच्या, छर्‍यांची गोष्ट पूर्ण वेगळी. साध्या कप-कोनच्या (हबमधली वाटी तो कप, आसावरचा शंकू तो कोन, मध्ये छर्रे) मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात आणि आपलं बरंचसं वजन त्यातल्या खालच्या मोजक्याच छर्‍यांवर येतं, छर्रा कोनला टेकतो ती जागा मोहरीपेक्षाही लहान. तिथे दाब इतका प्रचंड होतो की तेल क्षणभर अतिशय दाट होतं आणि एक मायक्रॉनपेक्षाही पातळ थर लोखंडाला लोखंडापासून लांब ठेवतो, मला तर हे दरवेळी भारी वाटतं. पण नुसतं ऑइल टाकलं तर ते वाहून जाणार. ग्रीस म्हणजे तेच तेल, फक्त लिथियमसारख्या साबणाच्या जाळीत स्पंजसारखं धरून ठेवलेलं, ते जागेवर राहतं आणि पाणी, धूळ बाहेर ठेवतं.

महागडं, जास्त तापमानाचं ग्रीस घ्यायची गरज नाही. ताशी २० किमीला चाक मिनिटाला १६० च्या आसपास फेरे घेतं, तेवढ्याने हब तापत नाही. साधं एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर) लिथियम ग्रीस पुरतं, कोकणातल्या पावसात रोज सायकल चालवणार्‍यांनी बोटीला वापरतात तसलं पाणी न लागणारं घ्यावं. नवं भरताना जुनं रॉकेलने पूर्ण धुवून, वाळवून घ्या, कारण दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं मिसळली की कधीकधी पातळ होऊन गळतात. आणि डब्ल्यूडी-४० चा स्प्रे हबमध्ये मारू नका, ते १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलेलं, छर्‍यांतलं ग्रीस धुवून काढतं.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या जुन्या तीन गिअरच्या हबला म्हणूनच बाहेरून ऑइल सोडायला छोटी टोपी असायची, गिअर आणि कुत्रे हबच्या पोटात, त्यांना ऑइल, आणि टोकांच्या छर्‍यांना ग्रीस.

फ्रीव्हीलला ऑइल देताना सायकल आडवी पाडा, फ्रीव्हीलची बाजू वर, फिरणार्‍या आणि न फिरणार्‍या भागामधल्या फटीत चार-पाच थेंब सोडा आणि पॅडल उलटं फिरवत राहा. कोरडी, खणखणीत टिकटिक हळूहळू मऊ होत जाते. मऊ झाली की थांबा, वर आलेलं ऑइल चिंधीने पुसून घ्या.