व्हिडिओ की सिम्युलेशन? काम सांगण्याआधी एवढं वाचा

नवीन सॉफ्टवेअर आलं की ते शिकवणारा धडा बनवून घ्यायला लोक आमच्याकडे येतात आणि बहुतेकदा एकच मागणी करतात: “स्क्रीन रेकॉर्ड करून एक छान व्हिडिओ करून द्या.” देतो की. पण आधी विचारतो, शिकणाऱ्याला हे काम नुसतं माहीत असायला हवं, की उद्यापासून स्वतः करायचं आहे?

नुसती ओळख करून द्यायची किंवा नव्या आवृत्तीत काय बदललं ते दाखवायचं, तर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पुरे. लवकर तयार होतो, मोबाइलवरही नीट दिसतो.

स्वतः करायचं असेल तर मात्र व्हिडिओवर विसंबू नका. बघताना सगळं सोपं वाटतं, कारण माउस दुसऱ्याच्या हातात असतो. सिम्युलेशनमध्ये सॉफ्टवेअरची हुबेहूब स्क्रीन समोर येते आणि पुढचं क्लिक शिकणाऱ्यालाच करावं लागतं. चुकलं तर तिथेच सूचना मिळते, खरा डेटा बिघडत नाही. कॅप्टिव्हेट, स्टोरीलाइनसारख्या साधनांत एकाच रेकॉर्डिंगमधून तीन प्रकार काढता येतात: बघा, करून पाहा, परीक्षा द्या. धड्याचं स्कॉर्म (ऑनलाइन धड्यांचा ठरलेला साचा) पॅकेज केलं की गुण तुमच्या एलएमएसमध्ये, म्हणजे प्रशिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, नोंदले जातात. नुसत्या व्हिडिओवरून फार तर तो शेवटपर्यंत चालला एवढंच कळतं.

सिम्युलेशनची खरी मेहनत रेकॉर्डिंगनंतर असते. एकदा एका फॉर्ममध्ये तारीख भरल्यावर पुढच्या रकान्यावर क्लिक करणं, एवढंच आम्ही बरोबर धरलं होतं. रोज तो फॉर्म भरणारी मंडळी टॅब दाबून पुढे जात होती आणि स्क्रीन त्यांना ‘चूक’ म्हणत होती. ज्यांना काम येत होतं तेच नापास! आम्हाला ते फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक पायरीला विचारतो: हेच आणखी कशाने होतं? एंटरने? उजव्या क्लिकने? शॉर्टकटने? हे रोज ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं, म्हणून तुमच्याकडच्या अशा एका माणसाचे दोन-तीन तास आम्हाला हवेतच.

पुढे सॉफ्टवेअर बदललं तर? सिम्युलेशनमध्ये प्रत्येक पायरीचं चित्र वेगळं असतं. एखादं बटण हललं तर तेवढं चित्र बदलून क्लिकची जागा सरकवायची. व्हिडिओत तो तुकडा पुन्हा रेकॉर्ड करून आवाज जुळवावा लागतो. मुख्य मेनूच बदलला तर तो सगळ्याच स्क्रीनवर असतो, मग दोन्हीकडे जवळजवळ नव्याने काम. नवी आवृत्ती तोंडावर असेल तर ती येईपर्यंत थांबा.

रेकॉर्डिंगसाठी चाचणीचं लॉगिन आणि नकली नोंदी द्या. व्हिडिओत चुकून दिसलेलं नाव क्षणात सरकतं, पण सिम्युलेशनमध्ये स्क्रीन क्लिक होईपर्यंत तशीच उभी असते आणि खाते क्रमांक कुणीही सावकाश उतरवून घेऊ शकतो. लॉगिनला अधिकारही शिकणाऱ्याइतकेच ठेवा. अ‍ॅडमिनच्या लॉगिनने रेकॉर्ड केलं तर शिकणाऱ्याच्या स्क्रीनवर कधीच न येणारी बटणं धड्यात दिसतात, आणि तो ती शोधत बसतो.