शाळेची सहल संभाजीनगरला न्यायची? परवानगी, कागद अन् एसटीची निम्मी सवलत

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की पोट्टे मागे लागतातच, सर सहल कुठं सहल कुठं. आपल्या वाशीम-मेहकर भागातून शनिवार-रविवारात बसणारं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर, वेरूळ अन् दौलताबाद. मेहकरहून जालन्याच्याच रस्त्यानं जायचं असल्यामुळे वाटेत सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं जन्मस्थान, तिथं अर्धा-पाऊण तास थांबता येते.

आधी तारीख पक्की करा. सगळे कागद त्या तारखेवर चालतात अन् तारीख बदलली की परवानगीपासून पुन्हा सुरुवात. वेरूळ मंगळवारी बंद अन् अजिंठा सोमवारी बंद असते, म्हणून शनिवार-रविवार सोयीचा. "सोमवारची सुट्टी जोडून अजिंठा करू" असं स्टाफरूममध्ये कोणी ना कोणी म्हणतंच, त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

मग परवानगी. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापकाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखामार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते अन् तिथून शिक्षणाधिकारी प्राथमिककडे. हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकारी माध्यमिक. महिनाभर आधी द्या, कारण साहेब दौऱ्यावर असले की फाईल टेबलावरच राहते. प्रस्तावाला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, सहलीचा दिवसवार कार्यक्रम, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावं मोबाईलसहित, मुली असतील तर महिला शिक्षिका, मुक्कामाचं ठिकाण अन् पालकांची संमतीपत्रं लावा. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे कॉलेजचे विद्यार्थी बुडाले तेव्हापासून सहलीचे नियम लय कडक झाले, पाण्याच्या अन् धोक्याच्या जागा टाळा, रात्रीचा प्रवास नको, हे अटींमध्ये राहतेच. म्हणून शुक्रवारी रात्री गाडी काढून सकाळी पोहोचायचा प्लॅन कार्यक्रमात लिहूच नका, शनिवारी पहाटे निघा.

संमतीपत्रात सगळ्यात जास्त वेळ जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचणी जोरात असते, आई-बाप सकाळीच वावरात जातात अन् कित्येक घरी बाप कामासाठी पुण्या-मुंबईकडे असतो. फॉर्म पोराच्या हातानं पाठवला की दप्तरातच चुरगळते, त्यापेक्षा दोन शिक्षकांनी संध्याकाळी वस्तीवर चक्कर मारलेली बरी. आईची सही किंवा अंगठा चालते, फक्त त्याच कागदावर रक्तगट, काही औषध चालू असेल तर ते, अन् रात्री नक्की उचलल्या जाईल असा फोन नंबर लिहून घ्या.

आता गाडी. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, अशी पूर्ण गाडी भाड्यानं घेण्याला प्रासंगिक करार म्हणतात. जवळच्या आगारात आगार व्यवस्थापकाच्या नावानं शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करायचा, सोबत परवानगीची झेरॉक्स, मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याची यादी अन् पूर्ण मार्ग. मार्ग नीट लिहा बरं का, सिंदखेडराजा लिहिलं नाही अन् ड्रायव्हर म्हणाला मी वळवत नाही, तर त्याचं चूक नाही. भाडं किलोमीटरवर असते अन् दर दिवसाचे किमान किलोमीटर धरूनच बिल निघते, म्हणून गाडी दिवसभर बीबी का मकबऱ्याबाहेर उभी राहिली तरी पैसे लागतात. पैसे आगाऊ भरावे लागतात, पावती मुख्याध्यापकाच्या नावानं घ्या. डिसेंबरातले शनिवार सगळ्याच शाळांना पाहिजे असतात, त्यामुळे परवानगी यायच्या आधीच आगारात तोंडी विचारून ठेवलेलं बरं.

अकोला-पूर्णा लाईनवरच्या गावांना रेल्वेचा पर्याय आहे, पण बहुतेक वेळा गाडी बदलावी लागते. शैक्षणिक सहलीला सेकंड क्लास अन् स्लीपरमध्ये ५० टक्के सवलत आहे, एससी-एसटी विद्यार्थ्यांना ७५ टक्के, अन् ग्रामीण भागातल्या सरकारी शाळेला अभ्यास सहलीसाठी वर्षातून एकदा सेकंड क्लासला ७५ टक्के. हे मोबाईलवरून होत नाही, शाळाप्रमुखाचं सर्टिफिकेट घेऊन काउंटरवरच जावं लागते. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते. २०२० मध्ये बऱ्याच सवलती बंद केल्या पण विद्यार्थ्यांची चालू ठेवली, हे काउंटरवर कोणी नाही म्हटलं तर शांतपणे सांगा.

तिकिटाचं गणित मजेदार आहे. पुरातत्त्व खात्याच्या जागी १५ वर्षांखालच्यांना फुकट प्रवेश, त्यावरच्यांना वेरूळला ४० रुपये, बीबी का मकबरा अन् दौलताबादला २५, ऑनलाईन काढलं तर प्रत्येकी ५ रुपये कमी. म्हणजे एकाच दहावीच्या वर्गात काही फुकट अन् काही तिकीटवाले. यादीत जन्मतारखेचा रकाना टाका, १५ वर्षांखालचे एकीकडे अन् वरचे एकीकडे अशा आधारच्या झेरॉक्सच्या दोन गड्ड्या करा, गेटवर पाच मिनिटांत काम होते. क्यूआर तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा.

वेरूळला ३४ लेण्या आहेत, सगळ्या दाखवायच्या नादी लागू नका. बौद्ध १ ते १२, हिंदू १३ ते २९, जैन ३० ते ३४. १६ नंबरचं कैलास लेणं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, वरून खाली कोरत आणलेलं, त्यालाच तासभर द्या. दौलताबादच्या अंधाऱ्या भुयारात मुलांची रांग करून पुढं-मागं टॉर्चवाला शिक्षक ठेवा.

अजिंठा याच दोन दिवसांत कोंबू नका, शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे अन् फर्दापूरला आपली गाडी ठेवून लेण्यांपर्यंत तिथल्या बसनं जावं लागते, त्याचं तिकीट वेगळं. बुलडाणा तालुक्यातल्या शाळांना मात्र परतीच्या वाटेवर जमू शकते. अन् ड्रायव्हरच्या जेवणाची, झोपायची सोय यादीत आधीच धरा, पहाटे उठून तोच गाडी चालवणार आहे.