सिंकमधला फेस आणि तुंबलेला पाइप

‘तुंबलेल्या सिंकमध्ये खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फेसाने पाइप मोकळा होतो’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. फसफस बघून पटतोही. मीही करून बसलोय. पण सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तो उघड्या तोंडाने वर निघून जातो.

खात्री करायचीय? दोन्ही पेल्यात मिसळा, बुडबुडे थांबू द्या, मग ते पाणी तुपकट ताटलीवर ओता. तूप जागच्या जागी! किटलीतले पांढरे क्षार नुसत्या व्हिनेगरने निघतात. सिंकला मात्र रबरी पंप, नाहीतर खालचा बाटलीसारखा भाग बादली ठेवून उघडायचा. आमच्याकडे त्यातून भात निघाला, आणि हरवलेला चमचा.