पार्श्वभूमी: ‘कम्पॅटिबल’ म्हणजे नेमकं कोणाशी?

डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर कोणकोणती उपकरणं आहेत हे सिस्टिमला सांगणाऱ्या वर्णनात, सीरियल पोर्टचा नोड (नोंद) उघडला की ‘कम्पॅटिबल’ या ओळीत बहुतेक वेळा दोन नावं दिसतात. आधी त्या विशिष्ट एसओसीचं (एकाच चिपमध्ये मावलेल्या संगणकाचं) नाव, ‘एफएसएल,’ ने सुरू होणारं, आणि त्याच्या मागे नुसतं ‘एनएस१६५५०’. पहिलं म्हणतं, मी अमुक. दुसरं म्हणतं, मला त्या जुन्या १६५५० या सीरियल चिपसारखं वागवलंत तरी माझं काम अडणार नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची सगळ्यात जास्त डोकेफोड गेली पंधरा वर्षं या दुसऱ्या नावापायी झाली आहे.

आयसा या पीसीतल्या जुन्या कार्ड-जोडणीच्या काळात ही भानगड नव्हती, कारण कार्डाला स्वतःची ओळखच नव्हती. साउंड कार्ड पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ वर जंपरने बसवायचं आणि तेच आकडे ड्रायव्हरला सांगायचे. लिनक्सचे नेटवर्क ड्रायव्हर ठरावीक पोर्ट चाचपून बघायचे. पोर्ट ३०० वर भलतंच कार्ड निघालं तर मशीन तिथेच गोठायचं, म्हणून ‘इथे हात लावू नकोस’ हे बूटच्या वेळी कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) सांगायची सोय ठेवली होती. १९९३ च्या प्लग अँड प्लेने आयसालाही क्रमांक दिला, पण सगळी कार्डं एकदम बोलत असल्यामुळे ७२ बिट एकेक करून वाचत, हरणाऱ्या कार्डांना गप्प करत शेवटी एकच उरवायचं, असा तो द्राविडी प्राणायाम होता. त्याआधीच, १९९२ मध्ये, पीसीआय या नव्या जोडणीने सरळ रस्ता काढला होता: १६ बिट उत्पादकाचे, १६ बिट उपकरणाचे, आणि स्लॉट रिकामा असला तर सगळे बिट १. एका उत्पादकाने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा ८०८६ हाच आकडा स्वतःसाठी घेतला. १९९६ च्या यूएसबीनेही तीच जोडी उचलली.

क्रमांक आले म्हणून प्रश्न मिटला, असं मात्र झालं नाही. २०१० च्या आसपासचे थ्रीजी डोंगल आठवा. लावलं की आधी सीडी ड्राइव्ह दिसायचा, त्यात विंडोजचा ड्रायव्हर. एक ठरावीक आज्ञा पाठवली की तेच डोंगल स्वतःला काढून घ्यायचं आणि मोडेम म्हणून परत हजर व्हायचं, उत्पादक क्रमांक तोच, उपकरण क्रमांक वेगळा, १४४६ चा १००१ वगैरे. लिनक्सवाल्यांना ही आज्ञा पाठवायला वेगळं साधन लिहावं लागलं. दुसरं प्रकरण ऑक्टोबर २०१४ चं. यूएसबी-सीरियलच्या एका लोकप्रिय चिपच्या नकला बाजारात सर्रास होत्या, आणि मूळ ड्रायव्हर फुकटात चालावा म्हणून त्या ०४०३:६००१ हाच क्रमांक सांगायच्या. मूळ उत्पादकाचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपच्या आतला उपकरण क्रमांक शून्य करून ठेवला. शून्य क्रमांकावर हक्क सांगणारा ड्रायव्हर कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हता. नकली माल आहे याची ग्राहकाला कल्पनाही नव्हती, वस्तू मात्र त्याचीच बंद पडली. बोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

डिव्हाइस ट्रीची गोष्ट वेगळी, कारण तिथे उपकरण बोलतच नाही. एसओसीच्या पोटातला टायमर किंवा आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवरचा सेन्सर ‘मी कोण’ हे सांगत नाही, ते कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ‘कम्पॅटिबल’ हा शब्द ओपन फर्मवेअर या बूट-सॉफ्टवेअरच्या १९९४ च्या मानकातला. पॉवरपीसी प्रोसेसरवर लिनक्सने तो २००५ मध्ये पक्का केला. आर्म प्रोसेसरवर तेव्हा दर बोर्डासाठी वेगळी सी फाइल होती. २०११ मध्ये या पसाऱ्याबद्दल लिनक्सच्या प्रमुखाकडून कानउघाडणी झाली आणि आर्मही डिव्हाइस ट्रीकडे वळलं.

खरा वाद इथून पुढे. समजा, एकाच मालिकेतल्या तीन चिपांत आयटूसीचा अगदी सारखा ब्लॉक आहे. लिहिणारा साहजिकच शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी ‘एक्सएक्स’ टाकतो आणि मोकळा होतो. नंतर त्याच मालिकेत चौथी चिप येते, नाव तसंच, आतला ब्लॉक वेगळा. म्हणून नियम झाला: ‘एक्सएक्स’ चालणार नाही. प्रत्येक चिपचं पूर्ण नाव लिहा, आणि ब्लॉक सारखा असेल तर मागे पहिल्या चिपचं नाव जोडा.

यावर तक्रारी झाल्या, आणि त्या अगदीच खोट्या नाहीत. ड्रायव्हरमध्ये एक अक्षर बदलत नसताना नव्या चिपसाठी कागदोपत्री पॅच पाठवावा लागतो. पण माझं मत नियमाच्या बाजूने आहे. चिपमधला दोष बहुधा बोर्ड विकले गेल्यावर सापडतो. बोर्डातल्या ट्रीमध्ये पूर्ण नाव असलं तर ड्रायव्हरला तेवढ्याच चिपसाठी पळवाट लिहिता येते. ‘एक्सएक्स’ असलं तर हात बांधलेले.

घोळ शब्दात आहे. ‘कम्पॅटिबल’ वाचून लोकांना घराणं आठवतं: एकाच कंपनीच्या, साधारण सारख्या चिपा. अभिप्रेत आहे ते याहून कडक: फक्त जुन्या चिपसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरने नवी चिप, जुन्याइतकी तरी, बिनचूक चालली पाहिजे. एक रजिस्टर (ड्रायव्हर जिथे लिहितो-वाचतो ती चिपमधली जागा) चार बाइट सरकलं की जुनं नाव मागे लावता येत नाही. आणि हे नातं एकेरी आहे. मराठीत ‘सुसंगत’ म्हटलं की आणखीच फसगत, कारण संगत दोन्हीकडून असते. शिवाय नावातला कंपनीचा उपसर्ग सहसा बदलत नाही. ‘एफएसएल’वाली कंपनी २०१५ मध्ये दुसरीने घेतली, तरी त्या मालिकेच्या नव्या चिपा आजही ‘एफएसएल,’ लावूनच येतात.

यादीतला क्रम महत्त्वाचा, पण लिनक्समध्ये एकाच ड्रायव्हरच्या तक्त्यापुरताच (तो ड्रायव्हर ओळखतो त्या नावांच्या यादीपुरता). तिथेही नोडमधल्या आधीच्या नावाला जास्त वजन देणारी जुळवणी २०१४ मध्ये नीट बसली. दोन वेगळे ड्रायव्हर एकाच नोडवर दावा सांगत असतील तर विंडोजसारखी गुणवारी नाही, आधी येऊन जो यशस्वीपणे चिकटेल तो जिंकतो.

एसीपीआयचा, म्हणजे पीसीच्या फर्मवेअरने सिस्टिमला उपकरणांची माहिती देण्याच्या पद्धतीचा, तंबू वेगळा होता: बॅटरी म्हणजे पीएनपी०सी०ए, असे ठरलेले क्रमांक. २०१५ पासून तिथेही ‘पीआरपी०००१’ ही ओळख देऊन आत ‘कम्पॅटिबल’ची यादी ठेवता येते. डिव्हाइस ट्रीमध्ये नावांची वर्णनं आता यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात लिहितात. नोंद नसलेलं नाव किंवा उलटा क्रम साधनं लगेच पकडतात. मागे जोडलेल्या नावाच्या ड्रायव्हरवर ती चिप खरंच चालते का, हे बोर्ड टेबलावर घेऊनच बघावं लागतं.