डिस्क नाही म्हणून स्वॅप नाही?

जळगावपासून नंदुरबारपर्यंत ज्या शाळांच्या लॅबमध्ये डिस्क नसलेले कॉम्प्युटर सर्व्हरवरून बूट होतात, तिथे एक समज पक्का बसलाय: नेटवर्कवरून स्वॅप, म्हणजे रॅम भरली की तिच्यातला मजकूर ठेवायची बाहेरची जागा, दिला की मशीन गोठणारच. हा समज आता जुना झाला.

भीती मात्र खोटी नव्हती. रॅम भरली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, काही पानं (रॅममधल्या मजकुराचे छोटे तुकडे) स्वॅपमध्ये बाहेर पाठवतो. पण ती नेटवर्कवरून पाठवायची तर पॅकेट बांधायला, सर्व्हरची पोच घ्यायलाही रॅमच लागते. ती संपलेली असली की सगळं अडून बसतं. केळीच्या बागेतली मोटर आठवा. पाणी चढायला आधी पंपात पाणी ओतावं लागतं, आणि टाकी कोरडी असेल तर ते आणायचं कुठून? जाणता शेतकरी म्हणूनच एक बादली बाजूला झाकून ठेवतो.

लिनक्स कर्नलनं हेच केलं. 2012 च्या 3.6 आवृत्तीपासून एनएफएस (सर्व्हरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची पद्धत) आणि एनबीडी (सर्व्हरवरची जागा नेटवर्कवरून डिस्कसारखी वापरायची पद्धत) यांवरच्या स्वॅपसाठी राखीव रॅममधून काम चालवायची सोय आली. एनबीडी जोडणारा एनबीडी-क्लायंट प्रोग्रॅम चालवताना स्वॅपचा पर्याय तेवढा आठवणीनं द्या.

आता उलटी चूक करू नका. ही काही फुकटची रॅम नव्हे. 100 मेगाबिटच्या वायरीतून सेकंदाला जेमतेम 12 मेगाबाइट जातात, तेही वीस मुलांत वाटून. म्हणून मी आधी झेडरॅम लावतो, म्हणजे पानं कॉम्प्रेस होऊन रॅममध्येच कमी जागेत बसतात, आणि नेटवर्क स्वॅपला कमी प्राधान्य देतो. सर्व्हर बंद पडला तर बाहेर गेलेली पानंही अडकतात, तेव्हा यूपीएस आधी सर्व्हरला आणि स्विचला.