बाष्पनशील कार्बनी प्रदूषकांचे नॅनोकणयुक्त पटलांद्वारे निरसन

बेंझीन, टोल्यूइन, झायलीन यांसारख्या द्रव्यांची बाष्पे अतिसूक्ष्म कण (नॅनोकण) मिसळलेल्या पॉलिमरच्या पातळ पटलाने हवेतून वेगळी करण्याची, किंवा पटलावरच त्यांचे विघटन करण्याची पद्धत. पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी हवा थरथरल्यासारखी दिसते ती अशाच बाष्पांमुळे. यांपैकी बेंझीन कर्करोगकारक असून भारतीय मानकांनुसार (२००९) परिसरातील हवेत त्याची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी.

विलगीकरणासाठी बहुधा सिलिकोन रबराचे छिद्ररहित पटल घेतात. बाष्प त्यात विरघळते, विसरणाने पलीकडे जाते व तेथील निर्वातात बाहेर पडते. टोल्यूइनचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा मोठा. तरी रबरात तो कितीतरी पटींनी अधिक विरघळत असल्याने तोच लवकर पार होतो. चाळणीची उपमा येथे लागू पडत नाही.

या तत्त्वाचे श्रेय सहसा टॉमस ग्रॅअम (१८६६) यांना देतात. तथापि फिलाडेल्फियाचे जॉन मिचेल यांनी १८३०–३१ च्या सुमारासच रबरातून निरनिराळे वायू निरनिराळ्या वेगाने निसटतात, असे नोंदविले होते. निरीक्षण मिचेल यांचे व विरघळण्याचे स्पष्टीकरण ग्रॅअम यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. पुढे १९७३ मध्ये पॉल व केंप यांनी सिलिकोन रबरात झिओलाइट (सूक्ष्म छिद्रे असलेले खनिज) मिसळून पाहिले. हे मिश्र (कण मिसळलेल्या) पटलांचे एक आरंभीचे उदाहरण.

कणांचे नेमके कार्य वादग्रस्त आहे. मॅक्सवेल यांच्या सूत्रानुसार (१८७३) छिद्ररहित कणांनी वाट अडून पार्यता (वायू पार जाऊ देण्याची पटलाची क्षमता) घटायला हवी. मर्केल, फ्रीमन व सहकाऱ्यांना २००२ मध्ये उलटेच आढळले : पॉलि(४-मिथिल-२-पेंटाइन) या ताठर पॉलिमरमध्ये सिलिकाचे सु. १३ नॅनोमीटर व्यासाचे कण घातल्यावर पार्यता वाढली आणि मिथेनच्या तुलनेत ब्यूटेनची निवडही सुधारली. कणांमुळे साखळ्यांची दाटी सैल होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. दुसऱ्या मते कणांभोवती राहणाऱ्या पोकळ्यांमुळे पार्यता वाढते. निवडही सुधारल्याने या पॉलिमरपुरता पहिला पक्ष बळकट दिसतो. रबरी पटलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडचे कण असलेल्या पटलावर जंबुपार किरण पाडून बाष्पांचे ऑक्सिडीकरणही करतात. त्यात पॉलिमरही झिजतो. म्हणून फ्लुओरिनयुक्त पॉलिमर पसंत करतात. विघटन अर्धवट राहिल्यास फॉर्माल्डिहाइड उरू शकते.

कणांचे प्रमाण वाढले की गुठळ्या होतात, पारदर्शक पटल दुधाळ दिसू लागते आणि गुठळ्यांभोवती राहणाऱ्या फटींतून बाष्पाबरोबर हवाही निसटते.